‘सर्व्हिस’ नावाने उघडलेलं दार

शहापूरच्या बाजारात माझं चाव्या बनवायचं दुकान होतं, म्हणजे अजूनही आहे, पण चावी बनवायला आता फारसं कुणी येत नाही. कानशी आणि कोऱ्या चाव्यांच्या माळा भिंतीवर तशाच लटकल्यात. त्यांच्याखाली बसून मी दिवसभर मोबाइल चाळत असतो आणि बघणाऱ्याला वाटतं, या माणसाला काही उद्योग नाही. उद्योग आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मुंबईकरांनी जे बंगले बांधून ठेवलेत, त्यांच्या दारांना मी मोबाइलवर चालणारी कुलपं बसवतो. आणि एकदा बसवलं की ते कुलूप कायमचं माझ्या गळ्यात पडतं. सेल संपले, मला फोन. कोड विसरला, मला फोन. पाहुणे दारात उभे आणि मालक विमानात, तरी मलाच फोन. म्हणून मालक मंडळी आपल्या अॅपमध्ये मला एक परवानगी देऊन ठेवतात, त्यामुळे दुकानात बसल्या बसल्या मी त्यांची दारं उघडू शकतो. तिथं माझं नाव येत नाही, नुसतं ‘सर्व्हिस’ असं येतं.

सुरुवातीला मला या गोष्टीचं फार कौतुक होतं. आटगाव स्टेशनच्या बाकावर बसून मी मुरबाडकडचं दार उघडायचो आणि शेजारच्या माणसाला मुद्दाम दाखवायचो. आता कुणी विचारलं तरी सांगवत नाही. जेवायला बसलो की फोन वाजतो. बायको म्हणते, ‘दुसऱ्यांची दारं उघडा, आपल्या दाराची कडी गेलं वर्षभर निखळलीये.’ खरं आहे तिचं. ती कडी मी अजून बसवलेली नाही.

जी गोष्ट सांगायची आहे ती मुरबाडच्या पुढच्या एका बंगल्याची. मुख्य रस्ता सोडून आत गेलं की भातखाचरं संपतात तिथं तो आहे. मालक मुलुंडला राहतात, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांना मी साहेब म्हणतो, सगळेच म्हणतात. बंगल्याची हौस खरी त्यांच्या बायकोची. ती दोन वर्षांपूर्वी वारली आणि त्यानंतर साहेबांचं येणं वर्षातून एखाद-दोन वेळांवर आलं. बंगला सांभाळायला एक बाई होती. ओढ्यापलीकडच्या वाडीतली, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मी तिला ताई म्हणायचो, ती मला दादा. अकरा वर्षं ती तो बंगला सांभाळत होती आणि बंगल्यामागच्या खोलीत राहत होती. वाडीतलं तिचं झोपडं कधीच पडून गेलं होतं, त्यामुळे ही खोली म्हणजेच तिचं घर. काम गेलं तर डोक्यावरचं छप्पर जाणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

उन्हाळ्यात मी तिथं कुलूप बसवायला गेलो तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, ‘याला चावी नाय?’

चावी होती. अडीअडचणीला असावी म्हणून कंपनी देते, पण ती साहेब मुलुंडला घेऊन गेले. मग मी तिच्या बोटाचा ठसा घ्यायला बसलो. कुलपानं ठसा घेतलाच नाही. राखेनं भांडी घासून आणि दर पावसाळ्यात लावणी करून तिच्या बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती. दहाही बोटं करून झाली. ती हसायला लागली. म्हणाली, ‘मी हाय का नाय, याचाच त्याला संशय दिसतोय.’ शेवटी मी तिला सहा आकड्यांचा कोड दिला. आकडे तिला वाचता येत नव्हते, म्हणून बोट कुठून कुठं न्यायचं ते शिकवलं, रांगोळीचे ठिपके जोडतात तसं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा दार उघडलं. त्यानंतर ती कधी चुकली नाही. चार-चार बुकं शिकलेली माणसं मला कोड विसरला म्हणून फोन करतात, हिनं एकदाही केला नाही.

गौरी-गणपतीच्या सुमारास साहेबांचा फोन आला. त्यांनी नवा मोबाइल घेतला होता आणि त्यावर कुलपाचे निरोप यायला लागले होते. ‘रोज संध्याकाळी पावणेसातला दार उघडतंय,’ ते म्हणाले. ‘उघडतंय ते उघडतंय, अर्धा तास सताड उघडंच राहतंय. मोबाइल नुसता बोंबलतो, दार उघडं आहे, दार उघडं आहे. कोण येतं तिथं रोज? जरा जाऊन बघा.’

मी म्हटलं, बघतो. दुसऱ्या दिवशी चार वाजता दुकान बंद केलं आणि किन्हवलीच्या रस्त्यानं मोटरसायकल काढली. खड्डे चुकवत पोहोचेपर्यंत कंबर गेली होती. मनात हेच, की दोघं-तिघं पत्ते कुटत बसलेली सापडली की साहेबांना सांगून मोकळं व्हायचं.

तिथं कुणी नव्हतं. ताई तेवढी होती. तिनं हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला, कोड दाबून दार उघडलं. उंबरा ओल्या फडक्यानं पुसला. आत साहेबांच्या बायकोचं लहानसं देवघर होतं, तिथं दिवा लावला. मग बाहेर येऊन पायरीवर एका बाजूला बसली. दार पूर्ण उघडं. बोलणं नाही, मोबाइल नाही, काही नाही. पार अंधारून आलं तेव्हा उठली, दार ओढून घेतलं, कुलपाचा आवाज ऐकला आणि मग माझ्याकडे वळली.

‘बाईंनी सांगून ठेवलंय,’ ती म्हणाली. ‘तिनिसांजेला घराचं दार लावलेलं नसावं. लक्षुमी यायचा टाइम असतो. मी असो-नसो, तू उघडत जा, म्हनल्या. बाई गेल्या त्याच्या आदल्या दिवाळीत सांगितलं. तवापासनं एक दिस चुकवला नाय.’

‘साहेबांना माहीत आहे?’

‘नाय बा. सायब हसत बाईंना, असलं काय बोलल्या की. म्हनून बाई म्हनल्या, त्यांना नको सांगू.’ मग ती म्हणाली, ‘पन आता तुमी सांगा. बाई तर गेल्या. आता हसनार नायत ते.’

मी हो म्हटलं. माझ्या घरीही हीच पद्धत आहे. तिन्हीसांजेला दार लावलं तर माझी आई अजून ओरडते. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. दोन वाक्यांचं काम होतं.

परतीच्या वाटेवर मुरबाडला चहाला थांबलो आणि तिथूनच साहेबांना फोन लावला. मागे एसटीची घरघर, जीपवाल्यांचं ‘कल्याण, कल्याण’. साहेब म्हणाले, ‘हां, बोला, थोडक्यात.’ त्या ‘थोडक्यात’नं माझं तोंड बंद झालं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. खरं असं, की मी दमलो होतो. मेलेल्या बायकोचा विषय काढायचा, लक्ष्मी, दिवा, उंबरा हे सगळं मुलुंडच्या माणसाला एसटी स्टँडवरून ओरडून सांगायचं, मग त्यांचं ऐकायचं, याचा मला मनापासून कंटाळा आला. मी म्हणालो, ‘काही नाही साहेब, साफसफाई करत असते.’

‘संध्याकाळी कसली साफसफाई? ते काही नाही. तिचा कोड सकाळी नऊ ते अकरा चालेल असं करून टाका, आणि हे मोबाइलचं बोंबलणंही बंद करा. होतं ना तसं?’

होतं. दोन मिनिटांत होतं. चहा संपायच्या आत मी ते केलं. ताईला कळवायचं होतं, तेही राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिचा फोन आला. ‘दादा, लाल बत्ती लागते. माझंच बोट चुकतंय का?’ तिनं कितीदा दाबलं असेल कोण जाणे. मी सांगितलं की तुझं नाही चुकत, साहेबांनी आता सकाळची वेळ ठरवून दिलीये. मग तिनं विचारलं, ‘तुमी सांगितलं ना त्यांना? बाईंचं?’

मी म्हणालो, ‘सांगितलं.’

हा शब्द मी इतक्या सहज बोलून गेलो की बोलल्यावरही मला काही वाटलं नाही. वाटलं ते रात्री अंथरुणावर पडल्यावर. पण पुन्हा फोन करून ‘मी खोटं बोललो’ म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यापाशी नव्हती, आजही असेल असं वाटत नाही. त्याऐवजी मी दुसराच उद्योग केला. सकाळी तिला फोन केला आणि म्हटलं, ‘तू काळजी करू नको. संध्याकाळी मला नुसता मिस्ड कॉल दे, मी इथून दार उघडतो.’

‘सायब रागवतील तुमाला.’

‘साहेबांचं मी बघतो.’

अशी माझी ती नवी नोकरी सुरू झाली. तिन्हीसांज झाली की मिस्ड कॉल. मी अॅप उघडायचो, बंगल्याचं चित्र शोधायचो, बटणावर अंगठा दाबून धरायचो. स्क्रीनवरचं चक्र गोल फिरत राहायचं, फिरत राहायचं आणि मग ‘दार उघडले’. बंगल्यातला राउटर लाइट गेली की झोपायचा, मग निरोप मध्येच कुठेतरी अडकायचा. ती तिकडे उभी, मी इकडे अंगठा दाबून उभा. अर्ध्या तासानं दुसरा मिस्ड कॉल, म्हणजे तिनं दार ओढून घेतलं, मी कुलूप लागलं का बघायचं. हळदीच्या मांडवात, सरकारी दवाखान्याच्या रांगेत, एकदा तर चुलत्याच्या दहाव्याला नदीवर, मी हे करत होतो. तिथं एकजण म्हणाला, ‘मोबाइल जरा खिशात ठेवा की.’ ‘दार उघडले’ आल्यावरच मी तो खिशात ठेवला.

रोज वाटायचं, आज साहेबांना फोन करून सांगून टाकावं. पण आता ते दोन वाक्यांचं काम राहिलं नव्हतं. आधी खोटं का बोललात, ते सांगावं लागणार होतं, मग तिच्याशीही खोटं का बोललात ते, मग आमच्या परवानगीशिवाय रोज दार उघडता ते. जितके दिवस गेले तितकं ते वाढत गेलं आणि मी नुसता अंगठा दाबत राहिलो. वर पुण्य करतोय असंही मला वाटत होतं. दिवस लहान होत गेले तसा तिचा मिस्ड कॉल लवकर येत गेला. सप्टेंबरात पावणेसातला यायचा, दिवाळी होऊन गेल्यावर सहाला. घड्याळ तिला वाचता येत नव्हतं. आभाळ बघून ती फोन लावायची.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी साहेबांनी मला पकडलं. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट. ‘अॅपमधली जुनी नोंद बघत होतो, हे सर्व्हिस नावानं रोज दार उघडलेलं दिसतंय. सर्व्हिस म्हणजे तुम्हीच ना?’

‘हो साहेब. टेस्टिंग चालू होतं.’

‘दोन महिने?’

याहून चांगली संधी मला मिळणार नव्हती. विचारणारा माणूस शांत होता, मी दुकानात एकटा होतो, एसटीची घरघर नव्हती. मी म्हणालो, ‘कुलपात थोडा प्रॉब्लेम होता. आता झालं.’

‘झालं ना? मग तुमची परवानगी मी काढतो. लागेल तेव्हा देईन.’ आणि त्यांनी ती स्वतः काढली. माझ्या डोळ्यांसमोर त्या बंगल्याचं चित्र आधी करडं झालं आणि मग नाहीसं झालं.

त्या दिवशी तिन्हीसांजेला मिस्ड कॉल आला. थोड्या वेळानं पुन्हा आला. मग तिनं पूर्ण रिंग दिली, तेव्हा मी उचलला. सांगितलं की माझ्या हातात आता राहिलं नाही, साहेबांनी माझंही काढून घेतलं. ती म्हणाली, ‘बरं.’ एवढंच. पुढचे तीन दिवस तिचा फोन आला नाही. पहिल्या दिवशी मला सुटल्यासारखं झालं, हे कबूल करतो.

चौथ्या दिवशी ती दुकानात आली. मुरबाडहून जीप, मग एसटी करत आली होती. हातात एक बोचकं, पायांवर धूळ. मी पाणी दिलं, स्टूल दिलं. ती बसली नाही.

‘दादा, माझं नाव त्याच्यातनं काढून टाका,’ ती म्हणाली.

‘कशातनं?’

‘कुलपातनं. मी काम सोडलं.’

मी तिला समजावायला लागलो. खोली जाईल, जाशील कुठं, वाडीत तुझं काय उरलंय, साहेबांच्या डोक्यातून जाईल ते चार दिवसांत. ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, ‘सायबांनी संशय घेतला असता तर मी राह्यले असते. संशय काय, कोनाला पन येतो. येऊन बगितलं असतं, फिटला असता. पन बाईंनी सांगितलेलं हाय, हे ठाऊक असून त्यांनी दार लावलं. सोताच्या बायकोचा शबुद. एकदा नाय, दोनदा लावलं. आधी माझं बंद केलं, मग तुमचं. त्या मानसाचं घर मी आता कोनासाठी राखू?’

ती माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. माझ्यावर तिचा राग नव्हताच, माझ्याविषयी तिला चांगलंच वाटत होतं. मी तिचा माणूस होतो, दोन महिने साहेबांशी वैर घेऊन दार उघडणारा. तिथं, त्या स्टुलाच्या बाजूला उभं राहून मी एवढंच म्हणायला हवं होतं, की साहेबांना काहीही माहीत नाही, मी सांगितलंच नाही. ती कदाचित मला शिव्या देऊन परत गेली असती. तिची खोली राहिली असती.

मी म्हणालो, ‘माझी परवानगी काढलीये. मला तुझं नाव काढता येणार नाही, साहेबांनाच काढावं लागेल.’

‘मग सांगा त्यांना. चावी असती तर मी हातात दिली असती. अकरा वर्सं झाली, जाताना हातात काय द्यावं तर कायच नाय.’ मग ती पाणी प्यायली, भांडं पालथं ठेवलं आणि निघाली. भावाच्या कुटुंबाबरोबर भट्टीवर विटा पाडायला चालली होती. त्यांचा टेम्पो त्याच संध्याकाळी निघणार होता.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती एरवी माझ्यावर तोंडसुख घेते. तेव्हा मात्र नुसती म्हणाली, ‘आता तरी सांगा.’

तिसऱ्या दिवशी आधी मी वाडीवर गेलो. ताईला गाठून तिच्यासमोरच साहेबांना फोन लावायचा, असं ठरवलं होतं. वाडीत दोन म्हाताऱ्या आणि काही कोंबड्या होत्या, बाकी सगळे भट्टीवर गेलेले. भट्टी कुठली, ते म्हाताऱ्यांना माहीत नव्हतं. भिवंडीकडची असेल, नाहीतर पनवेलकडची, मुकादमाला ठाऊक, असं म्हणाल्या. मुकादम टेम्पोबरोबरच गेला होता. तिचा फोन लावला तर बंद. आता पावसाआधी कुणी परत यायचं नव्हतं.

मग तिथूनच, ओढ्याच्या अलीकडच्या दगडावर बसून मी साहेबांना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत साहेबच बोलू लागले. ‘ती बाई गेली म्हणे न सांगता. या लोकांचं असंच. दुसरं कुणी असलं तर बघा.’

मी म्हणालो, ‘साहेब, थोडक्यात नाही सांगता येणार,’ आणि सगळं सांगितलं. उंबरा पुसण्यापासून. दिवा, पायरी, त्यांच्या बायकोनं दिवाळीत काय सांगितलं होतं ते, ‘त्यांना नको सांगू’ म्हणाल्या तेही. मी तिच्याशी काय खोटं बोललो ते. त्यांच्याशी काय खोटं बोललो ते. का बोललात, असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, ‘कंटाळा आला होता साहेब.’ दुसरं कारण माझ्याकडे नव्हतं.

ते चिडतील म्हणून मी थांबलो होतो.

मग ते म्हणाले, ‘हिनं मला यातलं कधी काही सांगितलं नाही.’



‘म्हणजे मी हसायचो, म्हणून नाही सांगितलं,’ ते म्हणाले. मग जरा घाईनं, जसा एखादा माणूस काउंटर बंद व्हायच्या आत पोहोचू पाहतो तसे ते बोलले, ‘त्या बाईला आणखी काय काय सांगून ठेवलं होतं हो हिनं? बंगल्यावर दोघीच असायच्या दिवसदिवस. आणखीही काही बोलली असेल. माझ्याविषयी, किंवा कशाहीविषयी. तुम्ही विचारा ना तिला. मी येतो तिकडे, समोर बसून ऐकतो. बाईला तेवढं सांगा.’

समोर वाडी रिकामी होती. तिचा फोन बंद होता आणि भट्टी कुठली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, ‘हो साहेब. विचारून सांगतो.’